वाऱ्याचे माप आणि वादळाची वर्दी



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, त्यांच्याविषयी या सभागृहातील प्रत्येकाच्या मनात काही ना काही आठवण आहे. आपल्या शाळेत भूगोल हा केवळ पाठांतराचा विषय राहिला नाही, त्याचे श्रेय त्यांच्या शिकविण्याला आहे. नकाशावरील रेषेमागे माणसे असतात आणि तक्त्यातील आकड्यामागे कोणाचे तरी श्रम असतात, हे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्यांच्या मनावर बिंबविले. म्हणूनच आज बोलण्यासाठी मी अशाच एका आकड्याची निवड केली आहे. तो आकडा म्हणजे वाऱ्याचा वेग. हा वेग कसा मोजतात, त्यावरून चक्रीवादळाची सूचना कशी तयार होते आणि ती सूचना कोठे उपयोगी पडते व कोठे वाया जाते, याचा ऊहापोह आपण करणार आहोत.

आपल्यापैकी कोणी विचारील की, संकेश्वरचा आणि समुद्राचा संबंध काय? आपल्या वेशीवरून वाहणारी हिरण्यकेशी आंबोलीच्या डोंगरात उगम पावते, आजरा आणि गडहिंग्लज ओलांडून आपल्यापर्यंत येते आणि पुढे घटप्रभेला मिळते. आंबोलीचा पाऊस समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याने घाट चढताना टाकलेला असतो. तेव्हा आपल्या नदीचे पाणी वाऱ्याच्याच खांद्यावरून येते, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. शिवाय संकेश्वर, निपाणी, हुक्केरी या भागांतील किती घरांतील मुले आज मुंबईत, गोव्यात, बंदरांवर, बोटींवर आणि तेलविहिरींच्या कामावर आहेत, याचा हिशेब ज्याने त्याने आपल्या गल्लीपुरता करून पाहावा. समुद्र नकाशावर दूर असला, तरी घरच्या माणसांच्या वाटेने तो आपल्या दारापर्यंत येऊन पोहोचला आहे.

वारा मोजणे म्हणजे काय?

वाऱ्याची दोन मापे असतात, दिशा आणि वेग. दिशा सांगताना वारा कोठून येतो ते सांगावयाचे असते, कोठे जातो ते नव्हे. नैर्ऋत्य वारा म्हणजे नैर्ऋत्येकडून येणारा वारा. पाठ्यपुस्तकातील वातकुक्कुट आपली चोच वारा येतो त्या बाजूस करतो, हे आपण सर्वजण शिकलेलो आहोत. कोकणातील नाखवा तर पुस्तकाविना हे जाणतो. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा धरून तो होडी बाहेर काढतो आणि दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर परत येतो.

वेगाचे माप मात्र डोळ्यांनी घेणे कठीण. ब्रिटिश आरमारातील अधिकारी फ्रान्सिस ब्यूफर्ट यांनी १८०५ मध्ये वाऱ्याच्या परिणामांवरून शून्य ते बारा अशी श्रेणी बसविली. शून्य म्हणजे निवांत समुद्र आणि बारा म्हणजे जहाजाचे कोणतेच शीड टिकू न देणारा तुफान वारा. हे माप अनुभवाचे होते, यंत्राचे नव्हते. पुढे १८४६ मध्ये आयर्लंडमधील आर्मा येथील वेधशाळेचे रॉबिन्सन यांनी चार अर्धगोल पेल्यांचा वायुवेगमापक तयार केला. पेल्याची खोलगट बाजू वाऱ्याला अधिक अडविते, फुगीर बाजू कमी अडविते. या फरकामुळे पेले फिरू लागतात आणि त्यांच्या फेऱ्यांवरून वेग कळतो. आज बहुधा तीन पेले असतात आणि फेऱ्यांची मोजणी विजेवर होते, पण तत्त्व तेच आहे.

यंत्र असले म्हणजे माप आले, असे मात्र नाही. वारा जमिनीलगत झाडे, घरे आणि बांध यांना घासून मंदावतो. दोन इमारतींच्या फटीत तो उलट जोरात घुसतो. म्हणून वायुवेगमापक मोकळ्या जागी, जमिनीपासून १० मीटर उंचीवर असावा, असा जागतिक संकेत आहे. जवळच्या अडथळ्याच्या उंचीच्या निदान दहापट अंतर सोडून तो उभारावा लागतो. गच्चीच्या कठड्याला बांधलेले यंत्र वाऱ्याचा वेग सांगत नाही, ते त्या कठड्याचा स्वभाव सांगते.

दुसरी बाब काळाची. वारा कधीच एका गतीने वाहत नाही. निपाणीहून संकेश्वरला येणारी एस. टी. तवंदी घाटातील वळणांवर रेंगाळते आणि सरळ रस्त्यावर धावते. तिचा सरासरी वेग एक असतो आणि काही क्षणांचा वेग दुसरा असतो. वाऱ्याचेही तसेच आहे. ठराविक काळाच्या सरासरीला आपण सततचा वेग म्हणतो आणि काही सेकंदांच्या उसळीला झोत किंवा सोसाटा म्हणतो. भारतीय हवामान खाते चक्रीवादळाची तीव्रता ३ मिनिटांच्या सरासरीवर ठरविते, अमेरिकेत १ मिनिटाची सरासरी धरतात आणि जागतिक हवामान संघटनेची प्रमाणभूत सरासरी १० मिनिटांची आहे. काळ जितका लहान, तितका आकडा मोठा. एकाच वादळाविषयी दोन ठिकाणी दोन आकडे दिसले की लोक म्हणतात, शास्त्रज्ञांचेच एकमत नाही. वस्तुतः तेथे मतभेद नसतो, मोजपट्टी निराळी असते.

आता या आकड्याचे महत्त्व पाहू. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. ताशी ६० किलोमीटर वेगाचा वारा समोरच्या भिंतीच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे १७ किलो वजनाइतका रेटा देतो. वेग ताशी १२० झाला की हा रेटा ६८ किलोंच्या घरात जातो. आपल्याकडे वळवाच्या सोसाट्यात गोठ्याचे पत्रे उडतात, हे सर्वांच्या परिचयाचे आहे. दहा फूट लांब आणि तीन फूट रुंद पत्रा घेतला, तर साठाच्या वाऱ्यात त्यावर पन्नास किलोंच्या आतबाहेर आणि एकशेवीसच्या वाऱ्यात पावणेदोनशे-दोनशे किलोंचा जोर पडू शकतो. छपराच्या उतारानुसार हा जोर कमीअधिक होतो आणि पुष्कळदा तो खाली दाबण्याऐवजी वर उचलतो. पत्र्यावर ठेवलेला वीस किलोंचा दगड अशा वेळी छपराचे रक्षण करीत नाही, तो स्वतःच शेजाऱ्याच्या अंगणात जाऊन पडतो. वादळाच्या सूचनेत दहा-वीस किलोमीटरच्या फरकाला एवढे महत्त्व का देतात, हे यावरून ध्यानात यावे.

वेगावरून पायऱ्या

भारतीय पद्धतीत चक्रीवादळाच्या सर्व पायऱ्या वाऱ्याच्या वेगावरच बसविलेल्या आहेत. समुद्रावरील वेग नॉटमध्ये सांगतात आणि एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. कमी दाबाच्या क्षेत्राभोवती वारा १७ नॉटांवर गेला की त्यास डिप्रेशन म्हणतात आणि २८ नॉटांपासून तीव्र डिप्रेशन. ३४ नॉट, म्हणजे ताशी सुमारे ६२ किलोमीटर, ही रेषा ओलांडली की चक्रीवादळ जन्मास आले असे मानतात आणि त्याचे नामकरण होते. त्यापुढे ४८ नॉटांस तीव्र, ६४ नॉटांस अतितीव्र आणि ९० नॉटांस त्याहूनही वरची पायरी येते. १२० नॉट, म्हणजे ताशी २२० किलोमीटरच्या वर गेल्यास ते महाचक्रीवादळ ठरते.

आपल्या समुद्रांतील वादळांना नावे देण्याची पद्धत २००४ मध्ये सुरू झाली. ही नावे शेजारी देश आधीच यादीत देऊन ठेवतात. ‘निसर्ग’ हे बांगलादेशाने सुचविलेले नाव, ‘तौक्ते’ हे म्यानमारचे. यादी तयार असते, पण नाव केव्हा द्यावयाचे हे वारा ठरवितो. तेहतीस नॉटांना नाव नाही आणि चौतिसाला आहे, हे वरवर पाहता यांत्रिक वाटेल. परंतु प्रशासनाला कोठे तरी रेषा आखावीच लागते, नाही तर प्रत्येक ढगासाठी लोकांना घराबाहेर काढावे लागेल किंवा कोणत्याच वादळासाठी काढता येणार नाही.

वाऱ्यास पाठ देऊन

‘वारा पाहून पाठ द्यावी’ ही म्हण आपण काहीशा उपहासाने वापरतो. हवामानशास्त्रात मात्र ती अक्षरशः एक नियम आहे. डच शास्त्रज्ञ बाइस बॅलट यांनी १८५७ मध्ये तो मांडला. उत्तर गोलार्धात वाऱ्यास पाठ देऊन उभे राहिले असता कमी दाबाचे केंद्र आपल्या डाव्या हाताकडे असते. पृथ्वीच्या परिवलनामुळे वारा सरळ केंद्राकडे न जाता वळतो आणि केंद्राभोवती घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतो, त्याचा हा परिणाम. जहाजावर दुसरे कोणतेही साधन नसले, तरी वाऱ्याच्या दिशेवरून कप्तानाला वादळ कोठे आहे याचा अंदाज या एका नियमाने येतो.

या फिरत्या वाऱ्यांना सायक्लोन हे नाव आपल्या देशातच मिळाले. कलकत्त्यात राहणारे हेन्री पिडिंग्टन यांनी खलाशांसाठी १८४८ मध्ये लिहिलेल्या पुस्तकात ते रूढ केले. त्यानंतर सोळा वर्षांनी, ५ ऑक्टोबर १८६४ रोजी, कलकत्त्यावर भीषण चक्रीवादळ आदळले. त्यात सुमारे साठ हजार माणसे दगावल्याची नोंद आहे. या आघातानंतर १८६५ मध्ये कलकत्ता बंदरासाठी वादळाची सूचना देण्याची व्यवस्था झाली आणि १८७५ मध्ये भारतीय हवामान खात्याची स्थापना झाली. संकटानंतर शहाणपण येते ही जगाची रीत आहे, पण आलेले शहाणपण नोंदवून ठेवणे आणि पुढच्या पिढीस देणे हे संस्थेचे काम असते.

या कामात मराठी माणसाचा हातभार जुना आहे. मुंबईची कुलाबा वेधशाळा १८२६ ची. अलिबागजवळील नागाव येथे १८२५ मध्ये जन्मलेले केरूनाना छत्रे यांनी तरुणपणी तेथे प्राध्यापक ऑर्लेबार यांच्या हाताखाली वेध घेण्याचे काम केले आणि पुढे पुण्यात ते गणिताचे नामवंत अध्यापक झाले. १९२८ मध्ये हवामान खात्याचे मुख्यालय शिमल्याहून पुण्यास आले. १९४४ मध्ये ते दिल्लीस गेले, तरी शिवाजीनगरच्या त्या वास्तूस पुणेकर आजही शिमला ऑफिस म्हणूनच ओळखतात. १९६२ मध्ये स्थापन झालेली उष्णदेशीय हवामानाची संशोधन संस्थाही पुण्यातच आहे.

बंदरांवरील बावटे हा या इतिहासाचा लोकांना दिसणारा भाग. ‘तीन नंबरचा बावटा लागला’ हे वाक्य कोकणात लहान मुलासही कळते. मोठ्या बंदरांवर एक ते अकरा असे इशारे असतात, दिवसा शंकू व नळकांडी टांगून आणि रात्री लाल-पांढरे दिवे लावून ते दाखवितात. पहिले दोन दूरच्या संकटाचे, तीन व चार स्थानिक सावधगिरीचे, पाच ते सात धोक्याचे आणि आठ ते दहा महाधोक्याचे. धोक्याच्या तीन इशाऱ्यांतही भेद असतो. वादळ बंदराला डावीकडे टाकून जाणार, उजवीकडे टाकून जाणार की थेट बंदरावरून जाणार, हे त्या भेदाने कळते. अकरावा इशारा सर्वांत बोलका आहे. हवामान कार्यालयाशी संपर्क तुटला, एवढाच त्याचा अर्थ. माहिती नाही, ही देखील एक माहिती आहे आणि ती लोकांपासून लपवावयाची नसते, हा धडा त्यात आहे.

भर समुद्रात कोणी मोजावयाचे?

जमिनीवर वायुवेगमापक उभारता येतो, पण वादळ जन्मते समुद्रावर. पूर्वी सारी भिस्त जहाजांवर होती. जहाजे दिवसातून ठराविक वेळी वारा आणि वायुभार नोंदवून बिनतारी यंत्राने कळवीत. अडचण अशी की, वादळाची वार्ता मिळताच शहाणा कप्तान तेथून दूर जातो. त्यामुळे जेथे मापाची सर्वाधिक गरज, तेथेच मापे विरळ होत. अमेरिकेत वादळात विमान घालून वारा मोजतात, आपल्याकडे ती नित्याची व्यवस्था नाही. आपण इतर साधनांवर विसंबतो.

पहिले साधन उपग्रहाचे चित्र. अर्ध्या तासाच्या अंतराने घेतलेल्या दोन चित्रांत ढगाचा तोच पुंजका किती सरकला, हे पाहून वरच्या थरातील वारा काढतात. दुसरे साधन व्हर्नन ड्व्होरॅक यांनी १९७० च्या दशकात बसविलेली पद्धत. वादळाचे ढग केंद्राभोवती किती वेढे घेतात, डोळा किती स्पष्ट आहे, भोवतालचे ढग किती थंड आहेत, यांवरून वादळास एक क्रमांक देतात. अडीच क्रमांक म्हणजे सुमारे ३५ नॉट, चार म्हणजे ६५ आणि सहा म्हणजे ११५. वैद्यबुवा चेहरा व नाडी पाहून ताप ओळखीत, त्यातलाच हा प्रकार. मात्र येथे हजारो जुन्या वादळांच्या अनुभवाचे कोष्टक हाताशी असते.

तिसरे साधन अधिक थेट आहे. उपग्रहावरून समुद्रावर तिरप्या सूक्ष्मलहरी सोडतात. वाऱ्याने पाण्यावर ज्या बारीक लाटा उठतात, त्यांवरून त्या परावर्तित होतात आणि परतलेल्या लहरींवरून वाऱ्याचा वेग व दिशा दोन्ही कळतात. आपल्या देशाने २००९ मध्ये ओशनसॅट-२, सप्टेंबर २०१६ मध्ये स्कॅटसॅट-१ आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये त्याच मालिकेतील पुढचा उपग्रह याच कामासाठी सोडला. मुसळधार पावसात आणि फार तीव्र वाऱ्यात हे माप अपुरे पडते. परंतु वादळाभोवती जोराचा वारा किती दूरवर पसरला आहे, हे सांगण्यात त्याचा मोठा उपयोग होतो.

वादळ किनाऱ्यापासून काहीशे किलोमीटरवर आले की डॉप्लर रडार कामास येते. घटप्रभा स्थानकावर उभे असता गाडी जवळ येताना तिच्या शिटीचा स्वर चढा वाटतो आणि दूर जाताना उतरतो. त्याच न्यायाने पावसाच्या थेंबांवरून परतलेल्या लहरींतील बदलावरून ते थेंब रडारकडे येत आहेत की दूर जात आहेत आणि किती वेगाने, हे कळते. समुद्रात नांगरलेले यांत्रिक तरंगकही असतात आणि अखेरीस किनाऱ्यावरचा तो जुना, पेल्यांचा वायुवेगमापक असतोच. ही सारी मापे एकमेकांशी ताडून पाहणारा माणूस रात्रभर जागा असतो. सूचनेखाली त्याची सही नसते, पण तिच्यातील प्रत्येक आकड्यास त्याचा निर्णय चिकटलेला असतो.

आकड्यापासून सूचनेपर्यंत

चक्रीवादळाच्या सूचना आज चार टप्प्यांनी निघतात. निदान ७२ तास आधी प्रशासनास पूर्वसूचना, ४८ तास आधी दक्षतेची सूचना, २४ तास आधी इशारा आणि वादळ जमिनीवर येण्यापूर्वी १२ तास, ते आत शिरल्यावर कोठे काय होईल याचा अंदाज. दक्षतेस पिवळा, इशाऱ्यास नारिंगी आणि शेवटच्या टप्प्यास लाल रंग आहे. मच्छीमारांसाठी तर चक्रीवादळाची वाटही पाहत नाहीत. वारा ताशी ४५ किलोमीटरवर जाण्याचा संभव असला, की समुद्रात न जाण्याची सूचना निघते.

येथे एक साधा हिशेब विद्यार्थ्यांनी मनात ठेवावा. वादळाचे केंद्र किनाऱ्यावर केव्हा पोहोचेल, हे वर्तमानपत्रात मोठ्या अक्षरात छापतात. पण माणसाच्या हातातील वेळ केंद्र येईपर्यंतची नसते. समजा, जोराचा वारा केंद्रापासून १५० किलोमीटरपर्यंत पसरला आहे आणि वादळ ताशी १५ किलोमीटरने सरकत आहे. मग केंद्राच्या दहा तास आधीच तो वारा दारात येतो. त्या वाऱ्यात नौका ओढता येत नाही, छपरावर चढता येत नाही आणि म्हाताऱ्या माणसाला हात धरून निवाऱ्यात नेता येत नाही. चोवीस तासांची सूचना म्हणजे प्रत्यक्षात चौदा तासांची सवड. म्हणूनच वेधशाळा केवळ कमाल वेग सांगून थांबत नाही. केंद्राच्या चारही बाजूंस २८, ३४, ५० आणि ६४ नॉटांचा वारा कोठवर पोहोचला आहे, हेही ती वेगवेगळे देते.

चारही बाजूंस म्हणण्याचे कारण असे की, वादळ गोल दिसले तरी त्याचा जोर सर्वत्र सारखा नसतो. पुढे सरकण्याची गती फिरण्याच्या गतीत मिसळते, त्यामुळे मार्गाच्या उजव्या बाजूस वारा अधिक असतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनारा ओलांडून ईशान्येकडे गेले, तेव्हा वारा ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. श्रीवर्धन, मंडणगड, दापोली हा भाग उजव्या हातास आला आणि तेथील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. पन्नास-पन्नास वर्षे जोपासलेले झाड पुन्हा उभे करता येत नाही. मुंबई डाव्या हातास राहिली, तिच्यावरील मोठे संकट टळले. समुद्राचे पाणीही वाऱ्याच्याच रेट्याने किनाऱ्यावर चढते, त्यामुळे कोणत्या गावात पाणी शिरणार हे सुद्धा या उजव्या-डाव्यावर अवलंबून असते.

सूचना आणि माणूस

माप बरोबर आले, सूचना वेळेवर निघाली, म्हणजे माणूस वाचला का? या प्रश्नाचे उत्तर आपल्याच देशाच्या दोन किनाऱ्यांनी दिले आहे. २९ ऑक्टोबर १९९९ रोजी ओडिशावर महाचक्रीवादळ आले. उपग्रहावरून त्याचा वेग ताशी २६० किलोमीटरच्या घरात काढण्यात आला. सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्याच किनाऱ्यावर १२ ऑक्टोबर २०१३ रोजी फायलिन आले. ते थोडेफार कमी असले, तरी ताशी दोनशेच्या वर होते. या वेळी दहा लाखांच्या घरात लोक आधीच हलविण्यात आले आणि मृतांची संख्या पन्नासाच्या आत राहिली. या चौदा वर्षांत वारा सौम्य झाला नव्हता. अंदाज सुधारला होता, निवारे बांधले गेले होते आणि गावोगावी सूचना ऐकणारी व ऐकविणारी माणसे तयार झाली होती.

आपल्या पश्चिम किनाऱ्याची कथा निराळी आहे. येथे वादळे तुलनेने कमी, त्यामुळे सवयही कमी. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान आले, तेव्हा कोकणातील अनेक मच्छीमार नौका दूर समुद्रात होत्या आणि रत्नागिरीच्या कित्येक घरांतील माणसे परतली नाहीत. किनाऱ्यावर पोहोचलेली सूचना खोल समुद्रातील नौकेपर्यंत पोहोचतेच असे नाही, कारण मोबाइल दूरध्वनीची हाक किनाऱ्यापासून थोड्याच अंतरात विरते. २०१७ मध्ये ओखी वादळ कन्याकुमारीजवळ अल्पावधीत उग्र झाले. तेव्हा केरळ-तामिळनाडूच्या अनेक नौका वाहत येऊन देवगड बंदरात आसऱ्यास आल्या आणि कोकणी माणसाने त्यांना आपले मानून सांभाळले. यानंतर उपग्रहाच्या साह्याने भर समुद्रात संदेश देणारी उपकरणे काढण्यात आली. २०१९ मध्ये हैदराबादच्या सागरी माहिती केंद्राने असे एक उपकरण मच्छीमारांसाठी आणले.

मे २०२१ चे तौक्ते वादळ याहून कठोर प्रश्न विचारून गेले. त्याची वर्दी काही दिवस आधीपासून होती. गोवा, सिंधुदुर्ग, रत्नागिरी यांच्या समोरून ते उत्तरेस गेले. १७ मे रोजी कुलाब्याच्या यंत्राने ताशी ११४ किलोमीटरचा झोत नोंदविला आणि त्याच रात्री वादळ दीवजवळ जमिनीवर आले. त्या दिवशी मुंबईपासून दूर तेलक्षेत्रात पी-३०५ नावाचा, कामगारांच्या निवासाचा बार्ज नांगर तुटून वाहू लागला आणि बुडाला. त्यावर २६१ माणसे होती. नौदलाने खवळलेल्या समुद्रातून बहुसंख्यांना वाचविले, तरी सत्तरांहून अधिक जण गेले. येथे सूचना पोहोचली नव्हती असे म्हणता येत नाही. ती वाचून त्या जागेवर वारा किती होईल आणि नांगर किती सोसेल, याचा निर्णय कोणी तरी घेतला होता. तो निर्णय बार्जवरील स्वयंपाक्याने वा वेल्डरने घेतला नव्हता, जीव मात्र त्यांचे गेले. म्हणून मी म्हणतो की, वाऱ्याचा आकडा ही केवळ शास्त्राची बाब नाही. ज्याच्या हाती निर्णय आहे आणि ज्याच्या जिवावर तो निर्णय बेततो, ती माणसे वेगळी असतील, तर आकडा दोघांनाही समजला पाहिजे.

याउलट कधी सूचना निघते आणि वादळ येत नाही. जून २०१९ मध्ये ‘वायू’ चक्रीवादळ सौराष्ट्राच्या रोखाने निघाले, सुमारे तीन लाख लोक हलविण्यात आले आणि वादळ ऐन वेळी समुद्रात वळले. ‘लांडगा आला रे आला’ म्हणून हसणारे तेव्हा भेटले. त्यांनी गोष्टीचा शेवट आठवावा. तेथे लांडगा अखेरीस येतो. चोवीस तास आधी वर्तविलेल्या मार्गातील सरासरी चूक दोन दशकांपूर्वी १३०-१४० किलोमीटरच्या घरात होती आणि आता ती जवळजवळ निम्म्यावर आली आहे. पण चूक शून्य होणार नाही. पन्नास-पाऊणशे किलोमीटरच्या चुकीत एक गाव वाचते आणि शेजारचे सापडते. ज्या गावावरून वादळ टळले, त्याने सूचनेस खोटे न म्हणता आपल्या नशिबास चांगले म्हणावे.

ही सावधगिरी आता अधिक निकडीची झाली आहे. पुण्याच्या संशोधकांनी १९८२ ते २००० आणि २००१ ते २०१९ या दोन कालखंडांची तुलना केली. त्यांना अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या सुमारे ५२ टक्क्यांनी वाढलेली आढळली. समुद्राचे पाणी तापत आहे, हे त्याचे एक प्रमुख कारण. ज्या किनाऱ्यास सवय नव्हती, त्यास आता सवय करून घ्यावी लागेल.

आपण काय करावे?

एवढे सांगून झाल्यावर शाळेने काय करावे, हे सुचविल्यावाचून स्मृतिव्याख्यान पुरे होत नाही. माझी सूचना लहान आहे. शाळेच्या मैदानात मोकळ्या जागी, योग्य उंचीच्या खांबावर एक वातकुक्कुट आणि एक वायुवेगमापक उभारावा. नववी-दहावीच्या मुलामुलींनी पाळीपाळीने सकाळ-संध्याकाळ वेळ, दिशा, सरासरी वेग आणि सर्वांत मोठा झोत वहीत लिहावा. सुट्टीत ती वही बंद पडू नये, कारण आपल्याकडील वळवाचे सोसाटे नेमके एप्रिल-मेच्या सुट्टीतच येतात. एखाद्या दिवशी नोंद चुकली, तर अंदाजाने आकडा भरू नये. ‘नोंद नाही’ असे लिहावे, बंदरावरील अकराव्या बावट्यासारखे.

या वहीने चक्रीवादळाचा अंदाज वर्तविता येणार नाही, तशी अपेक्षाही नाही. पण ज्या मुलाने ताशी चाळीस किलोमीटरचा वारा स्वतः मोजला आहे आणि त्या वाऱ्यात उभा ऊस कसा लवतो हे पाहिले आहे, त्याला एकशेवीस हा आकडा रेडिओवर ऐकून काय होणार आहे ते सांगावे लागत नाही. उद्या तो मुंबईत कामगार असो, बोटीवर तांडेल असो वा एखाद्या कंपनीत निर्णय घेणारा साहेब असो, सूचना वाचताना त्याच्या डोळ्यांपुढे आकडा राहणार नाही, वारा उभा राहील. तसेच ज्यांची मुले किनाऱ्यावर किंवा समुद्रात कामास आहेत, त्या घरांनी सूचनेच्या दिवशी एक दूरध्वनी करावा आणि ‘जेवलास का’ याबरोबर ‘तुमच्याकडे कोणता इशारा आहे’ हेही विचारावे. विचारणारे कोणी आहे, हे कळले की माणूस अधिक जपून वागतो.

माजी विद्यार्थी मंडळाने मनावर घेतल्यास यंत्राचा खर्च फार नाही. खरा खर्च नियमितपणाचा आहे आणि तो रोज भरावा लागतो. ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांनी तो आयुष्यभर भरला. त्यांच्या नावाने एक वही सुरू झाली आणि ती वीस-पंचवीस वर्षे अखंड चालली, तर संकेश्वरच्या वाऱ्याचे एक विश्वसनीय माप या भागास मिळेल आणि त्यांचे स्मरणही योग्य रीतीने होईल, असे मला मनापासून वाटते.